डिजिटल पियानोची मिडी जोडणी

डिजिटल पियानो स्वतः वाजतो, तसाच तो दुसऱ्या वाद्यालाही वाजवू शकतो. त्याची पट्टी दाबली की शेजारच्या कीबोर्डमधून सनई, मोबाइलमधून सतार किंवा लॅपटॉपमधून मैफलीच्या मोठ्या पियानोचा आवाज निघतो. उलट, ऑक्टोपॅडवर काठी पडली की पियानोत साठवलेला ड्रमसेटही वाजू शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांमधली ही देवघेव ज्या ठरलेल्या पद्धतीने चालते तिला मिडी म्हणतात. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नावाचे हे लघुरूप. १९८३ साली ठरलेली ही पद्धत आजही जवळजवळ त्याच रूपात चालू आहे. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा सिंथेसायझरसुद्धा आजच्या पियानोला जोडता येतो.

मिडीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे तिच्या वायरमधून आवाज जातो हा. प्रत्यक्षात आवाज जातच नाही, जातो फक्त निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली, पेडलवर पाय ठेवला. नागपूर–वर्धा लोहमार्गावरच्या सिंदी (रेल्वे) स्टेशनवरून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनाला तशी खबर तारेने मिळते. तारेतून गाडी जात नाही, तसेच हे. आवाज कोणता काढायचा, सनईचा की सतारीचा, हे निरोप घेणारे वाद्य ठरवते. जोडणीतले फायदे, मर्यादा आणि बहुतेक बिघाड या एकाच गोष्टीतून निघतात.

सिंदी (रेल्वे)सह नागपूर–वर्धा पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक वाद्ये नवीन नाहीत. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, लग्नाची वरात, नागपूरकडची धुमाल पार्टी, भजनाचा कार्यक्रम, कुठेही ‘कॅसिओ’ आणि ‘पॅड’ दिसतात. कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, बोलताना तो कॅसिओच. आता घरोघरी शिकणाऱ्या मुलांसाठी ८८ पट्ट्यांचे डिजिटल पियानोही येऊ लागले आहेत. ही वाद्ये एकत्र येतात ती बहुधा मिक्सरमध्ये, म्हणजे आवाजाच्या पातळीवर. त्यांच्या मागच्या बाजूची मिडीची सॉकेटे मात्र बरेचदा रिकामीच राहतात.

मिडीच्या आधी

मिडी येण्यापूर्वी दोन इलेक्ट्रॉनिक वाद्यांची गाठ घालणे किती कठीण होते, याचे एक ठळक उदाहरण मुंबईतले आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वाजवणारे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. राग भारतीय, ठेका डिस्कोचा आणि तिन्ही यंत्रे एका लयीत. रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातल्या रसिकांना तिच्यात पुढे शिकागोत जन्मलेल्या ॲसिड हाउस संगीताची चाहूल ऐकू आली.

यांतले तालयंत्र आणि बेसचे यंत्र एका लयीत बांधता आले, कारण रोलँडने आपल्या यंत्रांसाठी ‘सिंक’ नावाची जोडणी दिली होती. पण तिच्यातून फक्त लयीचे ठोके आणि सुरू–बंद एवढेच जात असे. कोणता सूर वाजवायचा हे ती सांगू शकत नव्हती. शिवाय ज्या त्या कंपनीची जोडणी वेगळी. एकीच्या यंत्राला दुसरीची भाषा कळत नसे.

हा गोंधळ संपवायला अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी पुढे आले. १९८१ मध्ये स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी सर्व सिंथेसायझरांसाठी एकच जोडणी असावी असा प्रस्ताव मांडला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरने जोडून दाखवण्यात आले. एकावर वाजवले की दुसराही वाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडीचा पहिला अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला. तो वापरण्यासाठी कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत असे ठरल्यामुळे तो झपाट्याने पसरला. या कामासाठी काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांना घरच्यासारख्या झालेल्या ऑक्टोपॅडचा जन्मही मिडीतूनच झाला. रोलँडचा १९८५ सालचा पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, स्वतः मुका होता. त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. आठ पॅडांवर काठी मारली की तो मिडीचे निरोप पाठवी आणि ते ऐकून दुसरे यंत्र वाजे. स्वतःचे आवाज असलेले ऑक्टोपॅड नंतर आले.

निरोपाच्या आत

पियानोवर मधल्या सप्तकातली काळी एक दाबली असे धरू. पट्टीखालचे सेन्सर ती किती वेगाने खाली गेली हे मोजतात आणि वायरमधून तीन आकडे निघतात: १४४, ६१, ९०. पहिल्या आकड्याचा अर्थ ‘चॅनल १ वर सूर सुरू कर’. दुसरा हा पट्टीचा क्रमांक. तिसरा आघाताचा जोर. तो १ पासून १२७ पर्यंत असू शकतो. बोट उचलले की ६१ क्रमांकाचा सूर थांबवण्याचा वेगळा निरोप जातो. हा दुसरा निरोप वाटेत हरवला तर सूर वाजतच राहतो.

पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी चार ६५, काळी पाच ७०. संपूर्ण ८८ पट्ट्यांचा पियानो २१ ते १०८ या क्रमांकांत बसतो. सुरांचे नाव नाही, स्वरलिपी नाही, फक्त क्रमांक. त्यामुळे कोणत्याही देशातले वाद्य तो निरोप वाचू शकते.

पाच पिनांच्या वायरमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक आकड्याला पुढची–मागची खूण धरून १० बिट लागतात. म्हणजे तीन आकड्यांचा निरोप सेकंदाच्या जवळपास हजाराव्या भागात पोचतो. पाच बोटांचा कॉर्ड दाबला तरी सेकंदाच्या पाच हजारांशांच्या आत सारे निरोप पोचतात. एवढा फरक कानाला जाणवत नाही.

पेडल, आवाजाची पातळी, मॉड्युलेशन यांसाठी वेगळे निरोप असतात आणि त्यांनाही क्रमांक आहेत. सस्टेन पेडलचा ६४, आवाजाच्या पातळीचा ७, डावी–उजवी बाजू ठरवणाऱ्या पॅनचा १०. चांगल्या डिजिटल पियानोचे पेडल अर्धवट दाबलेलेही ओळखतात. ते ० ते १२७ मधली कोणतीही किंमत पाठवतात. जुनी यंत्रे मात्र ६४ किंवा त्यावर चालू आणि त्याखाली बंद एवढेच समजतात. अशी दोन वाद्ये जोडली की अर्ध्या पेडलची नजाकत हरवते.

एकाच वायरमधून सोळा चॅनल जातात. एका चॅनलवर पियानो, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर सनई अशी वाटणी करता येते. प्रत्येक वाद्य आपल्या चॅनलवरचेच निरोप घेते आणि बाकीचे सोडून देते.

कोणत्या क्रमांकावर कोणता टोन हे सुरुवातीला ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर होते. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ ठरले आणि १२८ टोनांची एक सर्वमान्य यादी झाली. तिच्यात क्रमांक १ वर पियानो आहे, १०५ वर सतार आणि ११२ वर सनई. हार्मोनियमला स्वतंत्र जागा नाही. जवळचा म्हणून २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन वापरतात. तबला या यादीत नाही. त्यामुळे तबल्याचे बोल प्रत्येक कंपनीच्या वाद्यात वेगवेगळ्या क्रमांकांवर सापडतात, आणि एका कीबोर्डवर बसवलेला दादरा दुसऱ्यात नेला की तबल्याऐवजी भलतेच काही वाजते. ढोल–ताशे–झांजांसारख्या तालवाद्यांसाठी चॅनल १० राखीव आहे. तिथे ३६ क्रमांक म्हणजे बेस ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेला हाय-हॅट.

मागची बाजू

जोडणीला हात घालण्यापूर्वी पियानोची मागची बाजू नीट पाहावी लागते. तिथे साधारणपणे तीन प्रकारची सॉकेटे असतात.

पहिला प्रकार पाच पिनांचे गोल सॉकेट. त्यावर इन, आउट किंवा थ्रू असे लिहिलेले असते. आउटमधून निरोप बाहेर जातो, इनमध्ये आत येतो आणि थ्रूमधून आत आलेला निरोप जसाच्या तसा पुढे सोडला जातो. पाचपैकी दोनच पिना निरोपासाठी लागतात. मधली पिन कवचाची आणि टोकाच्या दोन मोकळ्या. निरोप घेणाऱ्या वाद्यात तो प्रकाशाच्या साहाय्याने आत घेतला जातो, त्यामुळे दोन वाद्यांच्या विजेचा एकमेकांशी संबंध येत नाही आणि स्पीकरमध्ये गुणगुण शिरत नाही. ही वायर १५ मीटरपर्यंत लांब चालते, म्हणून स्टेजच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जोडणी करता येते. जुन्या टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायरच्या पाच पिनी वायरी दिसायला अशाच असतात, पण त्यांच्या पिनांची आतली जोडणी वेगळी असू शकते. घरात सापडलेली जुनी वायर चालेलच असे नाही.

दुसरा प्रकार यूएसबी. प्रिंटरला लागते तसे चौकोनी सॉकेट पियानोच्या मागे ‘यूएसबी टू होस्ट’ किंवा अशाच नावाने असते. यामाहाचा पी-४५ किंवा रोलँडचा एफपी-१० यांसारख्या घरगुती पियानोंत पाच पिनांचे सॉकेट नसतेच. मिडीची वायर लावायला यूएसबीचाच रस्ता असतो. त्याशेजारी पेनड्राइव्हचे चपटे सॉकेट असेल तर ते फाइली वाचण्यासाठी असते. कॉम्प्युटर तिथे जोडायचा नसतो.

तिसरा प्रकार आवाजाचा: हेडफोनचे किंवा लाइन आउटचे सॉकेट. इथून खरा आवाज निघतो आणि तो मिक्सरला किंवा ॲम्प्लिफायरला जातो. मिडीची वायर मिक्सरला लावून उपयोग नाही आणि हेडफोनचा जॅक मिडीचे काम करत नाही.

काही पियानोंत ब्लूटूथही असते, पण त्याचे दोन प्रकार आहेत. ब्लूटूथ ऑडिओ म्हणजे मोबाइलचे गाणे पियानोच्या स्पीकरमधून ऐकण्याची सोय; ब्लूटूथ मिडी म्हणजे वायरीविना निरोप पाठवण्याची. खोक्यावर नुसते ‘ब्लूटूथ’ लिहिलेले असेल तर त्यातले कोणते, हे विचारून घ्यावे लागते.

पियानो आणि दुसरे वाद्य

सर्वांत सोपी जोडणी दोन वाद्यांची. पियानोच्या आउटमधून वायर काढून कीबोर्डच्या इनमध्ये लावायची. आउटला आउट किंवा इनला इन जोडले तर निरोप पोचत नाही, बिघडत मात्र काही नाही. पियानो चॅनल १ वर पाठवत असेल तर कीबोर्डही चॅनल १ वर ऐकायला ठेवायचा. मग कीबोर्डचा आवाज त्याच्या स्वतःच्या लाइन आउटमधून मिक्सरला द्यायचा. म्हणजे वायरी दोन: निरोपाची पियानोपासून कीबोर्डपर्यंत आणि आवाजाची कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत. दुसरी विसरली की सारे जुळलेले असूनही काही ऐकू येत नाही.

या जोडणीचा मोठा फायदा असा, की पियानोच्या जड, लाकडी पियानोसारख्या पट्ट्यांवर बोटे चालवून कीबोर्डमधले व्हायोलिन किंवा बासरी वाजवता येते. दोन्ही वाद्यांचा आवाज चालू ठेवला तर पियानोमागे व्हायोलिनचा थर लागतो. भक्तिगीताच्या साथीला हा थर फार शोभतो.

ऑक्टोपॅड जोडताना दिशा उलटी असते: ऑक्टोपॅडच्या आउटमधून पियानोच्या इनमध्ये. इथे कधी कधी एक गंमत होते. पॅडवर काठी मारली की ढोलाऐवजी पियानोचा खर्ज वाजतो. कारण पॅड बेस ड्रमसाठी ३६ क्रमांक पाठवतो, पण चॅनल १ वर. आणि चॅनल १ वरचा ३६ म्हणजे मधल्या पांढऱ्या एकच्या दोन सप्तके खालची पट्टी. पॅडचा चॅनल १० केला की तोच निरोप ड्रमसेटला पोचतो. अर्थात पियानोत ड्रमसेट असेल तरच. केवळ पियानोचे दहा–बारा टोन असलेल्या साध्या मॉडेलांत तो नसतो.

तीन वाद्ये जोडायची असतील तर पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये आणि दुसऱ्याच्या थ्रूमधून तिसऱ्याच्या इनमध्ये अशी साखळी करतात. इथे थ्रूऐवजी आउट वापरले तर तिसऱ्याला पहिल्याचे निरोप मिळत नाहीत, फक्त दुसऱ्यावर वाजवलेले मिळतात. साखळी तीन–चार वाद्यांपेक्षा लांबवू नये. त्यापुढे एका इनमधून अनेक थ्रू काढणारा छोटा डबा वापरणे बरे.

फक्त यूएसबी असलेली दोन वाद्ये एकमेकांना थेट जोडता येत नाहीत. यूएसबीमध्ये एक बाजू मालकाची आणि दुसरी सेवकाची असावी लागते, आणि दोन्ही वाद्ये सेवकच असतात. मध्ये लॅपटॉप, मोबाइल किंवा खास मिडी होस्टचा डबा लागतो.

ट्रान्सपोजचा घोळ

गायकाचा सा काळी एक असला की कीबोर्डवाले बरेचदा ट्रान्सपोज एकाने चढवून पांढरी एकच्या बोटांनी वाजवतात. एकट्या वाद्यात हे सोयीचे असते. मिडी जोडल्यावर मात्र प्रश्न पडतो: ट्रान्सपोज केलेला पियानो बाहेर ६० पाठवतो की ६१? काही मॉडेले ट्रान्सपोज झाल्यानंतरचा क्रमांक पाठवतात, काही मूळ पट्टीचा. पहिल्या प्रकारात दुसऱ्या वाद्याचा ट्रान्सपोज शून्यावर असावा लागतो, दुसऱ्यात तोही एकाने चढवावा लागतो. चुकले की दोन वाद्यांत अर्ध्या सुराचा फरक पडतो आणि सारी साथ बेसूर लागते. कार्यक्रमाआधी पांढरी एक दाबून दोन्ही वाद्यांचा सूर जुळतो का, एवढे एकदा ऐकले की पुरे.

सूर सूक्ष्म प्रमाणात चढवण्या–उतरवण्याचे ट्यूनिंग ही आणखी वेगळी गोष्ट. तबल्याच्या किंवा तानपुऱ्याच्या सुराला लावण्यासाठी पियानो ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झवर नेला, तर दुसरे वाद्य आपोआप बदलत नाही. पट्टीचा क्रमांक तोच राहतो. प्रत्येक वाद्यात हा बदल हाताने करावा लागतो.

कॉम्प्युटर आणि मोबाइल

पियानोची यूएसबी वायर लॅपटॉपला लावली की वाजवलेले सारे निरोप नोंदवता येतात. नोंद होते ती आवाजाची नव्हे, निरोपांची. म्हणून चुकीचा सूर नंतर दुरुस्त करता येतो, लय वाढवली तरी सूर चढत नाही, आणि पियानोवर वाजवलेली चाल नंतर सतारीच्या टोनमध्ये ऐकता येते. म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पियानोवर दाबलेल्या पट्ट्या पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवते. एलएमएमएस हेही मोफत. त्यात ताल, बेस, सुरावट असे थर रचता येतात. ॲपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड असतेच.

बहुतेक नवे पियानो कोणतेही सॉफ्टवेअर न टाकता विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर ओळखले जातात. काही मॉडेलांना कंपनीचा ड्रायव्हर लागतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये मिडीची सोय २०१५ मधल्या अँड्रॉइड ६ पासून आहे. त्यासाठी छोटा ओटीजी जोड लागतो. ब्लूटूथ मिडी जोडताना मोबाइलच्या नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून न जोडता बहुधा संगीताच्या ॲपमधूनच पियानो निवडावा लागतो.

लॅपटॉपमधून आवाज काढताना पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ही नेहमीची तक्रार. दोष मिडीचा नसतो. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग स्पीकरला देतो, तिथे वेळ जातो. ४४,१०० हर्ट्झला १०२४ नमुन्यांचा साठा ठेवला तर त्या साठ्यापुरताच सेकंदाच्या २३ हजारांशांचा उशीर होतो. २५६ वर आणला तर तो सहा हजारांशांच्या आत येतो. विंडोजवर असिओ प्रकारचा ड्रायव्हर वापरून हा आकडा कमी करता येतो. फार कमी केला तर आवाज तुटतो, म्हणून आपल्या लॅपटॉपला झेपेल असा आकडा शोधावा लागतो. ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नये. त्यांचा उशीर कोणत्याही सेटिंगने जात नाही.

दुसरी तक्रार दुहेरी आवाजाची. पट्टी दाबली की पियानो स्वतः वाजतो, शिवाय लॅपटॉपने तोच निरोप परत पाठवला की पुन्हा वाजतो. आवाज पोकळ आणि घोगरा लागतो. यासाठी पियानोत ‘लोकल कंट्रोल’ बंद करायची सोय असते. ते बंद केले की पट्ट्या फक्त निरोप पाठवतात आणि पियानोचा आवाज बाहेरून आलेल्या निरोपावरच निघतो. काम संपल्यावर ते पुन्हा चालू करायला विसरले, तर काही मॉडेलांत दुसऱ्या दिवशी पियानो पूर्ण मुका वाटतो. दुरुस्तीला नेण्यापूर्वी हे सेटिंग तपासावे.

यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमध्ये गुणगुण किंवा किरकिर आली, तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. पाच पिनी वायरमध्ये दोन वाद्यांची वीज वेगळी राहते, यूएसबीत तसे नसते. मांडवात जनरेटरवर वीज असेल तेव्हा पियानो, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावणे चांगले.

एक लय

मिडीचा आणखी एक उपयोग लय बांधण्याचा. एक यंत्र मालक ठरवायचे. ते दर मात्रेला २४ ठोके पाठवते आणि बाकीची त्यावर चालतात. पियानोतला रिदम, ऑक्टोपॅडमधला लूप आणि लॅपटॉपवरचा ट्रॅक एकाच ठोक्यावर सुरू होतात आणि एकत्र थांबतात. यासाठी मालक यंत्रात लयीचा स्रोत ‘इंटर्नल’ आणि बाकीच्यांत ‘एक्स्टर्नल’ ठेवायचा. ज्या यंत्रात एक्स्टर्नल ठेवले आणि वायर काढून घेतली, त्याचा रिदम सुरूच होत नाही. तो ठोक्यांची वाट पाहत बसतो.

बिघाड शोधण्याची रीत

आवाज येत नसेल तर क्रमाने पाहावे. आउट ते इन वायर बरोबर आहे का. दोन्हीकडे चॅनल एकच आहे का. ऐकणाऱ्या वाद्याचा व्हॉल्यूम चालू आहे का. त्याची आवाजाची वायर मिक्सरला आहे का. लोकल कंट्रोल चालू आहे का. स्वस्त यूएसबी–मिडी वायरींवर इन आणि आउट ही अक्षरे फसवी असतात. काहींत ‘इन’ लिहिलेली पिन वाद्याच्या आउटमध्ये लावायची असते. काम होत नसेल तर दोन्ही पिनांची अदलाबदल करून पाहावी.

टोन भलताच लागत असेल तर एकाचा फरक तपासावा. काही वाद्ये टोन १ पासून मोजतात, काही ० पासून. त्यामुळे १०५ मागितले की १०४ किंवा १०६ लागू शकतो, आणि सतारीऐवजी शेजारचाच बँजो वाजतो. एखादा सूर अडकून वाजतच राहिला तर त्याचा ‘सोड’ हा निरोप हरवलेला असतो. बऱ्याच सॉफ्टवेअरांत ‘पॅनिक’ नावाचे बटण असते. त्याने सारे सूर थांबतात. ते नसेल तर वाद्य बंद करून पुन्हा सुरू करणे हाच उपाय.

मींडेचे काय

मिडी पाश्चात्त्य पियानोच्या हिशेबाने घडली. सप्तकाचे बारा समान भाग आणि प्रत्येकाला एक क्रमांक, ही तिची मांडणी. हार्मोनियमच्या वादनाला ती पुरते, पण मींड आणि श्रुती यांत तिची कसोटी लागते. मींडेसाठी पिच बेंड हा निरोप आहे. त्यात १६,३८४ पायऱ्या असल्यामुळे सूर अगदी सलग सरकतो. अडचण एकच: तो एका चॅनलवरच्या सर्व सुरांना एकदम सरकवतो. म्हणजे षड्ज स्थिर ठेवून वरच्या गंधारावर मींड घ्यायची, तर दोन सूर दोन चॅनलांवर ठेवावे लागतात. प्रत्येक सुराला आपोआप वेगळा चॅनल देण्याची एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली.

२०२० मध्ये मिडी २.० जाहीर झाली. तिच्यात आघाताच्या जोराचे १२७ ऐवजी ६५ हजारांहून अधिक टप्पे आहेत, चॅनल २५६ पर्यंत जातात आणि दोन वाद्ये एकमेकांची कुवत विचारून घेऊ शकतात. जुनी वाद्ये त्यामुळे निकामी होत नाहीत. नव्या वाद्याला समोरचे जुने आहे असे कळले की ते जुन्याच पद्धतीने बोलते. घरगुती पियानोंत मिडी २.० अजून सर्रास आलेली नाही. शिकण्यासाठी आणि कार्यक्रमासाठी १९८३ ची पद्धत पुरेशी आहे.

घेण्यापूर्वी

पियानो घेताना टोनांची संख्या विचारली जाते, मागची बाजू क्वचितच पाहिली जाते. फक्त घरी शिकायचे आणि मोबाइल किंवा लॅपटॉपला जोडायचे असेल तर यूएसबी पुरते. ऑक्टोपॅड किंवा जुना कीबोर्ड जोडायचा असेल, ऑर्केस्ट्रात वाजवायचे असेल, तर पाच पिनी इन आणि आउट असलेले मॉडेल घ्यावे किंवा मिडी होस्टच्या डब्याचा खर्च धरावा. बहुतेक वाद्यांच्या माहितीपुस्तिकेत, किंवा कंपनीच्या वेबसाइटवर, ‘मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट’ नावाचा तक्ता असतो. त्यात वाद्य काय पाठवते आणि काय ओळखते हे गोल आणि फुलीच्या खुणांनी दिलेले असते. गोल म्हणजे होय, फुली म्हणजे नाही. पेडल, पिच बेंड, टोन बदल आणि लयीचे ठोके या चार ओळी दुकानातच वाचून घ्याव्यात. एका वाद्याच्या ‘पाठवते’ या रकान्यात आणि दुसऱ्याच्या ‘ओळखते’ या रकान्यात, दोन्हीकडे गोल असेल तरच ती गोष्ट चालते. एकीकडे जरी फुली असली तरी कितीही महागडी वायर लावून ती चालणार नाही.